रडायला आलेली माणसं

माझी धाकटी बहीण बाळंत झाल्यावर सहाव्या दिवशी गेली. आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, परभणीला दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चौथ्या दिवशी धाकटीला ताप चढला, तो काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी होतं नव्हतं तेवढं सगळं केलं. सहाव्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं, "अक्का, लेकरू दूध प्यायलं का?" मी म्हणाले, "प्यायलं." ते खरं होतं. दुपारी ती गेली.

आम्ही लिंगायत, आमच्यात माती देतात. परभणीतच, तिच्या सासरच्या माणसांनी सगळं केलं. स्वामींनी विभूती लावली, मंत्र म्हटले, मी अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, हात धरून उभी होते. आई तिथं नव्हती. मयत निघाली तेव्हा आई दवाखान्यात पेटीपाशी बसून होती. बाळाला दर दोन तासांनी चमच्याचमच्यानं दूध पाजावं लागायचं आणि नर्सबाईंनी ते आईला शिकवलं होतं. दुसरं कुणी बसेल, तुम्ही चला, असं बायका म्हणाल्या, तर आई म्हणाली, "तिला माझा हात कळायलाय आता. तुमी जा." आई रडली नाही हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तीन आठवड्यांनी बाळ हातात मिळालं. जावई एकटाच, खत-बियाणांच्या दुकानात नोकरीला, त्याची आई आजारी. त्यामुळे बाळाला आम्ही गंगाखेडला, म्हणजे माझ्या माहेरी आणलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "हिला दोनच औषधं. दूध आणि झोप. घरात गर्दी नको, गडबड नको." मी परभणीत शिक्षिका. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून मीही आईबरोबर राहायला गेले.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढं अप्पांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात यायला बाजूच्या बोळातून लोखंडी फाटक. आम्ही आलो आणि माणसं भेटायला यायला लागली. गंगाखेडची, आसपासच्या गावांची, नात्यातली, बाजारातली. ती सगळी थांबून राहिली होती. आई घरी आल्याशिवाय रडायचं कुणापाशी?

आमच्या भागात मयतीच्या घरी बाई येते ती बोळाच्या तोंडापासूनच गळा काढत येते. आत शिरली की घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. गेलेल्या माणसाचं बोलणं, चालणं, हातचं खाल्लेलं, सगळं आठवून आठवून रडते. मग कुणीतरी तांब्या भरून आणतं, तोंडं धुतली जातात, आणि काय झालं, कसं झालं ते पहिल्यापासून सांगायचं. येईल त्या प्रत्येक बाईला नव्यानं. लहानपणापासून मला ते उगीच वाटायचं. शिकले, शहरात राहिले, तसं तर जास्तच.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आत्या आली. अप्पांची थोरली बहीण. तिच्याबरोबर जीपभरून बायका. बाळ आईच्या मांडीवर नुकतंच दूध पिऊन डोळे मिटत होतं. बोळात जीपचं दार वाजलं आणि आत्यानं हेल काढला, "माझ्या सोन्या गं, कुठं गेलीस गं..." मागून सहा-सात जणींचा आवाज. बाळ दचकलं. हातपाय ताठ झाले, तोंडातलं दूध उलटं आलं आणि नाकात गेलं. बघता बघता ओठ निळे पडले. आईनं तिला पालथं केलं, मी पाठीवर थोपटत होते, माझ्या हाताला तिच्या पाठीची एकेक बरगडी लागत होती. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग ती रडली. बारीक, मांजराच्या पिलासारखी. तोवर बायका आत येऊन उभ्या होत्या आणि रडायच्या थांबल्या होत्या. आत्या म्हणाली, "आमाला काय ठाऊक, बाई."

आईनं बाळाला छातीशी धरलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत्या तासभर बाहेर बसून निघून गेली.

त्या दिवसापासून मी फाटकाशी बसायला लागले.

आधी मी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'बाळ झोपले आहे. कृपया आवाज करू नये.' पण रडत येणारी बाई पाट्या वाचत नाही. मग मी फाटकाच्या आत खुर्ची टाकली. बेलची वायर काढून टाकली. कडीला चिंधी गुंडाळली. बोळात कुणी वळलं की मी उठून समोर जायची, तोंडावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "लेकरू झोपलंय. रडू नका. बसायचं असेल तर गप बसा."

काही बायका समजून घ्यायच्या. पदर तोंडात धरून पाच मिनिटं ओट्यावर टेकायच्या आणि उठून जायच्या. काहींना राग यायचा. एकजण तोंडावर म्हणाली, "आमी रडायला आलोत, गप बसायला न्हाई. तुमच्या घरात रडायचीबी बंदी हाय का?" मी म्हणाले, "हो, सध्या आहे." शेजारच्या काकू रोज भाकरी-पिठलं आणून द्यायच्या, त्यांनाही मी फाटकातूनच डबा द्या म्हणाले. चार दिवसांनी त्या यायच्या बंद झाल्या. भंगारवाल्याला मी बोळाच्या अलीकडेच भोंगा बंद करायला लावायची. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला स्वामी आले, त्यांनासुद्धा हळू बोला म्हणाले. त्यांनी मंत्र कुजबुजत म्हटले.

अप्पांनी माझ्याही पुढं मजल मारली. भांडं घेणारं गिऱ्हाईक आधी टिचकी मारून बघतं, आवाजावरून पत्रा जाड की पातळ ते ठरवतं. अप्पांनी सांगायला सुरुवात केली, वाजवू नका, मी सांगतो ना जाड हाय. काउंटरवर पोतं अंथरलं. भांड्यावर नाव घालायचं मशीन घरघरायचं, ते दुपारी बंद ठेवलं. लग्नसराईचे दिवस, लोक नावं घालून घ्यायला दुसऱ्या दुकानात जायला लागले.   अप्पा दुपारी दुकानात रिकामेच बसून राहायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते मशीनची सुई हातात घेऊन नुसतेच बघत होते. धाकटीच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर त्यांनी स्वतः नाव घातलं होतं.

एका दुपारी टाळ्या वाजवत तृतीयपंथी आल्या. तिघीजणी. घरात बाळ झालंय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. मी धावतच बोळात गेले. म्हणाले, "टाळी वाजवू नका." पुढची हसून म्हणाली, "का गं, पोरगी झाली म्हणून नाराज हायेस?" मी म्हणाले, "तिची आई गेली. माझी बहीण." तिचे हात वर उचललेले होते, ते तसेच राहिले. मग खाली आले. ती म्हणाली, "लेकरू ठीक हाय ना?" मी मान हलवली. तिनं फाटकाला हात लावला, तो आपल्या कपाळाला लावला आणि मागच्या दोघींना म्हणाली, "चला. झोपू द्या तिला." चप्पल न वाजवता तिघी बोळातून गेल्या.

बाळ मात्र सावरत होतं. पहिल्या पंधरवड्यात चारशे ग्रॅम वाढलं. गाल दिसायला लागले. दुपारचं दोन दोन तास झोपायचं. मला माझ्याच कामाचा अभिमान वाटायला लागला होता. आई दिवसभर आत असायची. दूध, लंगोट, शेक, पुन्हा दूध. बाहेर कोण आलं, कोण गेलं, ती विचारायची नाही. मला वाटायचं, किती खंबीर आहे. फोनवर नवऱ्याला तसं सांगायचेही मी.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झरीची मावशी आली. आईची मावसबहीण. दोघी एका घरात वाढल्या, एकाच मांडवात दोघींची लग्नं झाली. मावशीची गुडघेदुखी इतकी की घरातल्या घरात भिंत धरून चालायची. ती त्या उन्हात झरीहून परभणी, परभणीहून गंगाखेड, अशी दोन गाड्या बदलून एकटी आली. स्टँडपासून रिक्षा न करता चालत आली, कारण रिक्षावाल्याला गल्ली सांगता येईना. दीड वाजला असेल. बोळाच्या तोंडाशीच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं पहिला हुंदका दिला आणि मी जाऊन तिचा हात धरला.

"मावशी, आवाज करू नका. आत्ताच झोपलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कुठं हाय ती?"

"आत. बाळापाशी. तिचाही डोळा लागलाय. चार रात्री झोपली नाही."

ते मला खरंच वाटत होतं. मी पाच मिनिटांपूर्वी डोकावले होते, आई कुशीवर झोपलेली, बाळ तिच्या दंडावर.

"मग मी बसते," मावशी म्हणाली.

ती ओट्यावर बसली. मी पाणी दिलं. तिनं पिशवीतून एक फडकं काढलं, त्यात ज्वारीच्या पिठात दूध-गूळ घालून केलेल्या चार दशम्या होत्या. "तुझ्या माईला आवडतात," म्हणाली.  मधूनच तिच्या घशातून आवाज यायचा आणि ती पदराचा बोळा तोंडात धरायची. मी एकदा म्हणालेही, "मावशी, हळू." आज ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं. ती म्हणाली, "न्हाई रडत, बाई. न्हाई रडत."

तीन वाजले. साडेतीन वाजले. तिला चारच्या गाडीनं निघायलाच हवं होतं, नाहीतर परभणीहून झरीला जायला अंधार झाला असता. मी म्हणाले, "उठवू का आईला?" पण उठले नाही. तीही म्हणाली, "नको. झोपू दे. तिला सांग मी आलते." मी बोळाबाहेर जाऊन रिक्षा बघून दिली. रिक्षात बसताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

बाळ साडेचारला उठलं. मी दूध गरम करून आत नेलं. आई उठून बसली होती. बाटली घेत म्हणाली, "झरीची आलती ना?"

मी चपापले. "तू जागी होतीस?"

"झोपले नव्हते. पडले होते डोळे मिटून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"लेकरू उठलं असतं."

बाळ दूध पीत होतं. आई त्याच्याकडंच बघत बोलत होती, खालच्या आवाजात, जसं त्या महिनाभरात आम्ही सगळेच बोलायला लागलो होतो. "मला तिचा आवाज आला. म्हणलं आता अक्का तिला आत पाठवील. हात बाळाखाली होता. काढला असता तर दचकलं असतं. वाट बघितली मी."



"दुसऱ्या कुणापाशी न्हाई, पण तिच्यापाशी रडले असते मी," आई म्हणाली. "ती आली की रडू, असं धरून ठेवलतं."

दशम्यांचं फडकं मी तिच्यापुढं ठेवलं. तिनं एक दशमी घेतली, अर्धी खाल्ली, उरलेली परत फडक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा काढला, खुर्ची आत घेतली. पण आता येणारं कुणी उरलं नव्हतं. त्या घरी आवाज चालत नाही, आत सोडत नाहीत, हे सगळीकडं झालं होतं. मी मावशीला फोन केला, पुन्हा या म्हणाले, मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येते म्हणाले. ती म्हणाली, "गुडघा लय सुजलाय गं. आता कुठं येऊ?"

मग शाळा सुरू व्हायच्या आधी मीच आईला झरीला घेऊन गेले. बाळ तोपर्यंत तीन किलोच्या आसपास आलं होतं. अप्पांनी ओळखीच्या माणसाची गाडी ठरवली. वाटेत आईनं पदर पुन्हा पुन्हा सारखा केला, केस नीट केले. एखाद्या कार्याला निघाल्यासारखी. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "तू लेकराला घेऊन लांब थांब. देवळाकडं जा. ऐकू येऊ देऊ नको."

मी बाळाला दुपट्यात गुंडाळून महादेवाच्या देवळाच्या पाराकडं गेले. तिथं पिंपळाखाली बसले. मावशीचं घर तिथून शंभरेक पावलांवर, दार दिसत होतं. मी कान देऊन बसले होते. मला ऐकू यायला हवं होतं. आई आत गेली. मावशीचा गळा ऐकू आला, मोठा, अगदी पारापर्यंत. तिचा एकटीचाच. दुसरा आवाज येईल म्हणून मी वाट बघत राहिले. बाळ टक्क डोळे उघडे ठेवून वर पानांकडं बघत होतं. त्या आवाजानं ते जराही दचकलं नाही.

अर्ध्या तासानं मी घरात गेले. मावशी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आईचे डोळे कोरडे होते.

"येईना गं," आई मला म्हणाली. एखादी वस्तू सापडत नाही असं सांगावं तसं. "मला रडूच येईना."

मी मावशीच्या पाया पडले. माफ करा म्हणाले. ती म्हणाली, "तू लेकरासाठी केलंस. मला राग न्हाई. मी त्या दिवशी गाडीत रडून घेतलं, परभणीपतूर. कंडक्टरनं पाणी दिलं मला. माझं झालं." मग आईकडं बघून म्हणाली, "हिचं राहिलं."

आईनं बाळाला माझ्याकडून घेतलं आणि दुधाची बाटली मागितली.

पुढं चार वर्षं आईनं त्या मुलीला वाढवलं. दर सुट्टीत मी जायची. जावयानं दुसरं लग्न केलं, बाई चांगली आहे, मनानं मोकळी आहे. मुलगी शाळेत घालायच्या वयाची झाली तेव्हा तो तिला परभणीला घेऊन गेला. त्यात गैर काहीच नव्हतं. आईनं तिचे कपडे, खेळणी, लसीकरणाचं कार्ड, सगळं एका पेटीत भरून दिलं. गाडी निघाली तेव्हा मुलगी रडली, अप्पा रडले, तो जावईसुद्धा रडला. आई फाटकाशी उभी होती. मी तिच्याकडंच बघत होते. गाडी वळल्यावर ती आत गेली आणि गॅसवर आमटी होती ती खाली उतरवली.

मुलगी आता दुसरीत आहे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं राहते. सुट्टीत गंगाखेडला जाते. अंगानं बारीकच आहे पण आवाज खणखणीत. दुकानात शिरून पातेल्यांवर चमचे वाजवते, अप्पा तिला काही म्हणत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि आई मागच्या पायरीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होतो. मुलगी गल्लीत खेळायला गेली होती. आई बोलता बोलता म्हणाली, "तिलाबी शेंगाची आमटी लय आवडायची." एवढंच. धाकटीचं नाव न घेता. आणि मला काय झालं कोण जाणे, मी रडायला लागले. सात वर्षांत मी कधी मोठ्यानं रडले नव्हते. आधी फाटकाशी बसायचं होतं, मग शाळा, मग घर. त्या दिवशी आवाज फुटला तो मला आवरेना. आईनं शेंगांचं ताट बाजूला केलं, मला जवळ घेतलं. "रड," म्हणाली. "रड मोठ्यानं."

माझा आवाज बोळात गेला असणार. समोरच्या घरात नवीन भाडेकरू आले आहेत, त्यातली बाई फाटकापाशी आली. तिला आमचं काहीच माहीत नव्हतं. "काय झालं, काकू? येऊ का आत?"

आई म्हणाली, "या. बसा."

ती आली, पायरीवर बसली. मी तोंड धुवून आले तेव्हा आई तिला सांगत होती. आठव्या महिन्यातल्या कळा, पेटी, चौथ्या दिवसाचा ताप. सगळं ओळीनं, पहिल्यापासून. मी ते आईच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मधूनमधून "मग?" एवढंच म्हणत होती.

बाई निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते. आई तिला फाटकापर्यंत सोडायला गेली, येत जा म्हणाली. ती येते अधूनमधून, अप्पा फोनवर सांगतात. आई तिच्याशी पुष्कळ बोलते म्हणे. रडली मात्र अजून नाही.